व्यसनमुक्ती समुपदेशकांचे प्रशिक्षण

दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थांचे व्यसन सोडू पाहणाऱ्यांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांना संशोधनाच्या कसोटीवर उतरलेल्या उपचारपद्धती शिकवणे आणि त्या त्यांच्या रोजच्या कामात रुजवणे. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (एमआय), म्हणजे उपदेश न करता रुग्णाच्या मनातली बदलाची इच्छा त्याच्याच बोलण्यातून जागी करणे, आणि बोधनात्मक वर्तनोपचार (सीबीटी), म्हणजे व्यसनाकडे नेणारे विचार आणि सवयी ओळखून बदलायला शिकवणे, या त्यांतल्या प्रमुख पद्धती. शिकवण्यापेक्षा रुजवण्याचे काम कितीतरी अवघड आहे, आणि या विषयावरचे बहुतेक महत्त्वाचे संशोधन त्याच अडचणीभोवती फिरते.

व्यसनमुक्तीचे क्षेत्र मुळात अनुभवावर उभे राहिले. १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झाली ती दारू सोडलेल्यांनी एकमेकांना धरून ठेवण्याच्या कल्पनेतून. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रामध्येही व्यसनातून बाहेर आलेली माणसे समुपदेशक झाली. ‘मीही इथूनच गेलोय’ असे म्हणू शकणाऱ्या माणसावर रुग्ण जो विश्वास टाकतो, तो कुठल्याही पदवीने मिळत नाही. प्रशिक्षण देणाऱ्याने हे आधी मान्य केले पाहिजे. मात्र आपण ज्या वाटेने सुटलो तीच वाट प्रत्येकाला लागू पडेल, असे अशा समुपदेशकाला वाटू शकते. तिथे नवी पद्धत म्हणजे स्वतःच्या अनुभवावरच घेतलेली शंका वाटते.

एमआयचा जन्मच मुळी शिकवताना झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर १९८२ मध्ये नॉर्वेत बर्गनजवळ तरुण मानसशास्त्रज्ञांपुढे मुलाखतीची प्रात्यक्षिके करून दाखवत होते. ते तरुण मिलर यांना मध्येच थांबवून विचारत : आत्ता हाच प्रश्न का विचारलात? हेच वाक्य का उचललेत? उत्तरे देता देता मिलर यांच्या पद्धतीला शब्दरूप आले. १९८३ मध्ये त्यावरचा लेख आणि १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबतचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

कार्यशाळेत याचा सराव साधारण असा होतो. रुग्णाची भूमिका करणारा म्हणतो, ‘बायको म्हणाली म्हणून आलो. माझं पिणं काही फार नाही.’ समुपदेशकाच्या तोंडी सवयीने येते, ‘असं सगळेच म्हणतात. लिव्हरचा रिपोर्ट बघितलात का?’ समोरचा हाताची घडी घालून बसतो. आता तोच प्रसंग पुन्हा. या वेळी समुपदेशक म्हणतो, ‘त्यांना काळजी वाटते, तुम्हाला मात्र तेवढं गंभीर वाटत नाही.’ थोडा वेळ शांतता. मग, ‘तसं नाही अगदी. गेल्या महिन्यात कामावर दोन खाडे झाले.’ बदलाची ही भाषा रुग्णाच्याच तोंडून यावी, यासाठी सारा खटाटोप. वाचायला हे सोपे वाटते. पण समजूत घालण्याची, उपदेश करण्याची सवय हाडीमाशी भिनलेली असते.

त्यामुळेच केवळ कार्यशाळा पुरत नाही. मिलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात कार्यशाळा केलेल्यांना आपण बरेच शिकलो असे वाटत होते. सत्रांच्या टेपा ऐकल्यावर मात्र त्यांच्या बोलण्यातला बदल माफक निघाला आणि समोरच्यांच्या प्रतिसादात फरक पडलेला नव्हता. २००४ च्या मोठ्या चाचणीत व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या १४० व्यावसायिकांचे गट केले : कुणाला फक्त दोन दिवसांची कार्यशाळा, कुणाला त्यानंतर टेपांवर अभिप्राय, कुणाला फोनवरून मार्गदर्शन, कुणाला दोन्ही. अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचे कौशल्य अधिक वाढले; रुग्णांच्या तोंडची बदलाची भाषा लक्षणीय वाढली ती फक्त दोन्ही मिळालेल्या गटात. सीबीटीबाबत २००५ मध्ये ७८ समुपदेशकांवर झालेल्या अभ्यासातही नुसती मार्गदर्शक पुस्तिका वाचणाऱ्यांपेक्षा वर्ग आणि त्यानंतर देखरेखीखाली सराव मिळालेले सरस ठरले.

आपल्या शेजारचे गोव्याचे उदाहरण या सगळ्याला वेगळेच वळण देते. संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी एमआयवर आधारलेली, जास्तीत जास्त चार सत्रांची पद्धत बसवली. ती चालवणाऱ्या स्थानिक समुपदेशकांकडे मानसोपचाराचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण नव्हते. वर्गातल्या प्रशिक्षणानंतर त्यांनी प्रत्यक्ष रुग्णांसोबत देखरेखीखाली उमेदवारी केली. पुढे ते एकत्र बसून एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणे ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. हे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ३७७ जणांच्या चाचणीत तीन महिन्यांनंतर हे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जणांचे मद्यपान घातक पातळीच्या खाली आले होते, केंद्रातले नेहमीचेच उपचार थोडी सुधारणा करून मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. त्याआधीच्या १४ दिवसांत दारू पूर्ण बंद ठेवलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के होते. तज्ज्ञ पर्यवेक्षक मिळत नाहीत ही सबब गोव्यानंतर सहज पुढे करता येणार नाही.

तरी व्यवहारातल्या अडचणी उरतातच. ध्वनिमुद्रणाला रुग्णाची संमती लागते, आणि सहकाऱ्यांपुढे आपले सत्र ऐकवायला समुपदेशकालाही धीर लागतो. टेप ऐकायला जाणारा तास रुग्ण तपासल्याच्या हिशेबात बसत नाही. म्हणून कामाचा ताण वाढला की पहिली कात्री त्यालाच लागते. तुटपुंज्या पगारामुळे शिकून तयार झालेली माणसे दुसरीकडे जातात, आणि केंद्राला नव्या माणसासोबत पहिल्या टेपपासून पुन्हा बसावे लागते.