केंद्रकीय संमीलनातील ऊर्जा

हलकी अणुकेंद्रके एकत्र येऊन जड केंद्रक बनताना मुक्त होणारी ऊर्जा. तिचा उगम प्रोटॉन व न्यूट्रॉन यांना बांधून ठेवणाऱ्या प्रबल केंद्रकीय बलात आहे. ‘वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होते’ हे पाठ्यपुस्तकी विधान चूक नसले तरी अपुरे आहे. ड्यूटेरियम व ट्रिटियम (हायड्रोजनची अनुक्रमे एक व दोन न्यूट्रॉन असलेली जड रूपे) यांच्यापासून हीलियम व एक सुटा न्यूट्रॉन बनतो; या विक्रियेत आधी दोन प्रोटॉन व तीन न्यूट्रॉन असतात, नंतरही तेवढेच. एकही कण नाहीसा होत नाही. पाचांपैकी चार कण हीलियम केंद्रकात अधिक घट्ट बांधले जातात आणि जेवढी ऊर्जा बाहेर पडते तेवढे वस्तुमान घटलेले दिसते. नाशिकजवळ एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात जळणाऱ्या कोळशाचेही असेच होते. पण तेथील बल विद्युतचुंबकीय, त्यामुळे घट मोजता न येण्याइतकी सूक्ष्म.

हिशेब : बंधन ऊर्जा (केंद्रकातील कण सुटे करण्यास लागणारी ऊर्जा) ड्यूटेरियमची 2.22, ट्रिटियमची 8.48 आणि हीलियम-4 ची 28.30 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट (एमईव्ही). फरक 17.6, पैकी 14.1 सुटा न्यूट्रॉन नेतो, 3.5 हीलियम केंद्रकाला मिळते. सूर्यात चार हायड्रोजनांपासून हीलियम बनताना मात्र 28.30 पुरते हाती लागत नाहीत. दोन प्रोटॉनांचे न्यूट्रॉन व्हावे लागतात. न्यूट्रॉन जड असल्याने त्यात सुमारे 1.56 एमईव्ही खर्ची पडून 26.73 उरतात, त्यांतलेही सुमारे 2% न्यूट्रिनो या जवळजवळ वस्तुमानरहित कणांबरोबर जातात. हे गणित वस्तुमानांवरून करताना प्रोटॉनचे वस्तुमान (अणुवस्तुमान एककात 1.007276) आणि हीलियम अणूचे (4.002603) यांची सरमिसळ हमखास होते व उत्तर 24.69 येते. दोन्हीकडे अणूंचीच वस्तुमाने (हायड्रोजन 1.007825) घ्यावीत, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा मेळ बसतो.

श्रेय : ताऱ्यांच्या ऊर्जेचा हा खुलासा सहसा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्या 1920 च्या कार्डिफ येथील भाषणाशी जोडला जातो. तो ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲस्टन यांच्या अणुवस्तुमानांच्या मोजणीवर आधारलेला होता. फ्रान्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ झां पेरँ यांनी 1919–20 च्या सुमारास स्वतंत्रपणे हेच सुचवले होते. त्यामुळे श्रेय विभागून देणे अधिक रास्त वाटते. प्रत्यक्ष विक्रियांची साखळी 1938–39 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बेथे यांनी मांडली. त्यांतील कार्बन चक्र (कार्बन केंद्रकांच्या मदतीने हायड्रोजनपासून हीलियम बनवणारी साखळी) जर्मन भौतिकशास्त्रज्ञ व्हाइत्सेकर यांनीही स्वतंत्रपणे शोधले होते.

मर्यादा : दर कणामागे बंधन ऊर्जा लोह–निकेलपर्यंत वाढते. त्यापुढच्या केंद्रकांच्या संमीलनात ऊर्जा घालावी लागते.

प्रमाण : एकलहऱ्यातील 210 मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवण्याएवढी वीज, एक तृतीयांश कार्यक्षमता धरल्यास, सुमारे 160 ग्रॅम ड्यूटेरियम–ट्रिटियमपासून मिळू शकेल. त्यातील 64 ग्रॅम ड्यूटेरियम नाशिकच्या गंगापूर धरणाच्या साधारण 2,000 लिटर पाण्यात असते. उरलेले 96 ग्रॅम ट्रिटियम हीच खरी अडचण : त्याचे अर्धायुष्य 12.3 वर्षे असल्याने निसर्गात साठा नाही आणि लिथियम-6 वर न्यूट्रॉनांचा मारा करून ते संमीलन भट्टीतच तयार करावे लागेल.