किशोर कुमार : खंडव्याचा मुलगा, इंदूरचा विद्यार्थी

किशोर कुमार (जन्म ४ ऑगस्ट १९२९, खंडवा, मृत्यू १३ ऑक्टोबर १९८७, मुंबई) हा हिंदी सिनेमातला गायक आणि नट, शिवाय संगीतकार, दिग्दर्शक, निर्माता, गीतकार पण. मूळ नाव आभास कुमार गांगुली. इंदूरच्या मराठी घरांमधे त्याचा विषय निघाला की पहिल्यांदा हेच येतं की तो आपल्या क्रिश्चियन कॉलेजात शिकला, आणि मग कँटीनच्या उधारीची गोष्ट. दोन्ही ठीकच आहे, पण त्याच्याबद्दल एक गोष्ट नीट सांगितली जात नाही असं मला फार वाटतं, ती अशी की आपण ज्याला "महान गायक" म्हणतो तो तयार झाला नटाच्या हाताखाली. १९६९ नंतरच्या गाण्यांवर आपण सगळे जीव टाकतो, पण त्याच्या आधीची वीस वर्षं हा माणूस पडद्यावर उड्या मारत होता, बाईचा वेश घेत होता, तोंडं वेडीवाकडी करत होता, आणि त्याच काळात त्याच्या गळ्याला कुठलंही माणूस होता येऊ लागलं.

घर बंगाली पण गाव निमाडातलं. वडील कुंजलाल गांगुली खंडव्यात वकील, आई गौरीदेवी. चार भावंडं, सगळ्यात मोठे अशोककुमार म्हणजे दादामुनी (जन्म १९११), मग बहीण सतीदेवी, मग अनुपकुमार, आणि किशोर शेंडेफळ. दादामुनी आणि किशोरमधे अठरा वर्षांचं अंतर, म्हणजे किशोर शाळेत जायला लागला तेव्हा मोठा भाऊ बॉम्बे टॉकीजचा हिरो झालेला होता, १९४३ मधे 'किस्मत' आला तेव्हा तर देशातला सगळ्यात मोठा स्टार. सतीदेवीचं लग्न शशधर मुखर्जींशी झालेलं, ते पण सिनेमातलेच. असं घर असल्यावर मुंबईचा रस्ता बंद राहणं शक्यच नव्हतं. लहानपणी त्याचा आवाज फाटका होता, पायाला मोठी जखम झाली आणि दुखण्यामुळे तो दिवसेंदिवस मोठमोठ्याने रडला आणि त्यात गळा मोकळा झाला, असं अशोककुमार सांगायचे. त्याचं खरं दैवत कुंदनलाल सैगल. गाण्याची तालीम कुणाकडेच नाही, रेकॉर्ड ऐकायची आणि तशीच्या तशी गायची एवढंच शिक्षण.

आता इंदूर. त्या काळी खंडवा इंग्रजांच्या मध्य प्रांतात आणि इंदूर होळकरांच्या संस्थानात, म्हणजे सरकारच वेगळं, पण मधे मीटर गेजची गाडी होती, जिच्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना १ कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं. खंडव्याहून निघून नर्मदा ओलांडायची, कालाकुंडचा घाट चढायचा, महू, आणि मग इंदूर. निमाडातल्या बऱ्याच पोरांचं कॉलेज ह्याच गाडीने झालं, किशोरचंही. क्रिश्चियन कॉलेज छावनी भागात, १८८७ मधे कॅनडाच्या मिशनऱ्यांनी काढलेलं. किशोर हॉस्टेलला राहायचा. वर्गात बाकावर तबला वाजवायचा आणि स्टेजवर समोर येऊन गायची लाज वाटायची म्हणून पडद्यामागून गायचा, अशा गोष्टी इंदूरला अजून सांगतात. पुढे लाखो लोकांसमोर धिंगाणा घालणारा माणूस मुळात इतका लाजाळू होता हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण आयुष्यभर स्टेजची भीती त्याला होतीच.

उधारीची गोष्ट अशी. कँटीनमधे त्याच्या नावावर ५ रुपये १२ आणे चढले होते. आजच्या हिशोबाने पावणेसहा रुपये, पण तेव्हा चहा आण्यांमधे मिळायचा तर विद्यार्थ्यासाठी ती चांगलीच रक्कम. कँटीनवाला पैसे मागायला आला की हा समोरचा ग्लास आणि चमचा घ्यायचा आणि "पांच रुपैया बारा आना" वेगवेगळ्या चालीत वाजवत गात बसायचा. पुढे १९५८ मधे 'चलती का नाम गाड़ी' आला त्यात मधुबालाकडून गाडी दुरुस्तीचे राहिलेले पैसे मागतानाचं जे गाणं आहे त्यात आकडा हाच. गाणं मजरूह सुलतानपुरींचं, चाल सचिनदेव बर्मनची, पण जीव इंदूरच्या कँटीनमधला. बघायला गेलं तर त्या गाण्यात मागणारा तो आहे आणि देणं दुसऱ्याचं आहे, म्हणजे त्याने प्रसंग उलटा करून वापरला, आणि माझ्या मते नट असण्याची सगळी चुणूक ह्या एका गोष्टीत दिसते.

मुंबईत तो चाळीसच्या दशकाच्या मध्यात पोचला. बॉम्बे टॉकीजच्या कोरसमधे गायला, १९४६ च्या 'शिकारी'मधे छोटं काम केलं, त्यात हिरो अशोककुमारच. गायक म्हणून पहिली संधी संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी १९४८ च्या 'ज़िद्दी'मधे दिली, देव आनंदसाठी, आणि ते गाणं पूर्ण सैगलच्या वळणाचं आहे, डोळे मिटून ऐकलं तर क्षणभर फसायला होतं. ह्याच 'ज़िद्दी'च्या वेळी लता मंगेशकर भेटल्या. लतादीदी सांगायच्या की लोकलमधे एक मुलगा, मग टांग्यात तोच मुलगा, आणि थेट मालाडला बॉम्बे टॉकीजपर्यंत तो मागेच, त्यांना वाटलं पाठलाग करतोय, आत गेल्यावर खेमचंदजींनी ओळख करून दिली की हा अशोककुमारचा भाऊ. इथे इंदूरकरांनी एक नोंद करून ठेवायला हवी, लतादीदींचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९, आणि किशोरचा त्याच वर्षी त्याच्या आठ आठवडे आधी खंडव्यात. दोघांमधे सव्वाशे-दीडशे किलोमीटर आणि एक रेल्वेलाइन, आणि भेट झाली ती मालाडला. नंतर नातं भावाबहिणीचं राहिलं.

अशोककुमारना वाटायचं धाकट्याने नट व्हावं, किशोरला फक्त गायचं होतं. अॅक्टिंग त्याने बरीच वर्षं मनाविरुद्ध केली. पण सिनेमे चालायला लागले, 'नौकरी' (१९५४), 'न्यू दिल्ली' (१९५६), 'आशा' (१९५७), आणि 'आशा'तलं "ईना मीना डीका" तर आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. गायक म्हणून मात्र त्याला लोक सीरियसली घेत नव्हते. 'नौकरी'चा हिरो तो, पण सलिल चौधरी त्याच्याकडून गाऊन घ्यायला तयार नव्हते कारण शिकलेला नाही, शेवटी बऱ्याच विनवण्यांनंतर "छोटा सा घर होगा" मिळालं. 'रागिनी' (१९५८) मधे तर ओ. पी. नय्यरनी रागदारीचं "मन मोरा बावरा" किशोरवर चित्रित करून आवाज मोहम्मद रफींचा घेतला. 'शरारत' (१९५९) मधे पण तसंच, पडद्यावर किशोर, आवाज रफी. स्वतः गाणारा माणूस दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवत उभा आहे, हे बघताना आजही कसंतरी होतं.

ज्या सलिल चौधरींनी आधी नाकारलं त्यांनीच १९६२ च्या 'हाफ टिकट'मधे "आके सीधी लगी" दिलं, आणि हे गाणं मी प्रत्येकाला मुद्दाम ऐकायला सांगते. सीनमधे किशोर बाईच्या वेशात आणि समोर प्राण. बाईचा भाग लतादीदींसाठी होता, त्या मुंबईत नव्हत्या, तर किशोर म्हणाला दोन्ही मीच गातो. बाईच्या ओळीत तो आवाज नुसता वर नेत नाही, तो बारीक करून थोडा नाकात नेतो, शब्दांची टोकं ओढतो, लाडीक मुरका देतो, आणि पुढच्याच ओळीला छातीतला जाड, मिशीवाला पुरुष येतो. एकाच गाण्यात दोन माणसं इतकी स्वच्छ वेगळी ऐकू येतात. हे गळ्याच्या तयारीने होत नाही, त्यासाठी आधी अंगात ते पात्र यावं लागतं. योडलिंग, म्हणजे गळा झटकन वर-खाली फेकत गाणं, ते पण असंच आलेलं, घरात परदेशी गायकांच्या रेकॉर्ड होत्या त्या ऐकून उचललं आणि स्वतःचं करून टाकलं.

सचिनदेव बर्मननी मात्र त्याला सुरुवातीलाच ओळखलं होतं. अशोककुमारच्या घरी त्याला सैगलची नक्कल करताना ऐकून ते म्हणाले की आवाज चांगला आहे पण नक्कल सोड, स्वतःचं काही कर. 'फंटूश', 'पेइंग गेस्ट', 'गाईड', 'ज्वेल थीफ' ही सगळी त्या एका सल्ल्याची फळं. १९६८ ला 'पड़ोसन' आला, राहुलदेव बर्मनचं संगीत, त्यातलं "एक चतुर नार" म्हणजे शास्त्रीय शिकलेले मन्ना डे एका बाजूला आणि न शिकलेला किशोर दुसऱ्या बाजूला, आणि स्क्रिप्टप्रमाणे जिंकणार न शिकलेला. मुखड्याची मूळ ओळ दादामुनींनी १९४१ च्या 'झूला'मधे गायलेली. १९६१ च्या 'झुमरू'मधलं "कोई हमदम ना रहा" पण असंच, अशोककुमारच्या 'जीवन नैया' (१९३६) मधून घेतलेलं. मोठ्या भावाला गाण्याचा कंटाळा होता, धाकट्याने त्याची गाणी पण पुढे नेली.

मग १९६९, 'आराधना', राजेश खन्ना, आणि बाकी इतिहास सगळ्यांना पाठ आहे. "रूप तेरा मस्ताना"साठी पहिलं फिल्मफेअर मिळालं, पुढे एकूण आठ मिळाली, शेवटचं 'सागर'चं. सिनेमात ते गाणं एकाच शॉटमधे घेतलंय, कट नाही, म्हणजे कॅमेऱ्याला जे करता येत नव्हतं ते आवाजाने केलंय, श्वास ऐकू येतो, शब्द जवळजवळ कानात सांगितल्यासारखे. देव आनंदसाठी गाताना तो हलका होतो, राजेश खन्नासाठी मऊ, अमिताभसाठी आवाज खाली आणि रुंद. मुद्दाम सलग ऐकून बघा, 'डॉन'मधला पान खाल्लेला गळा आणि 'मिली' (१९७५) मधलं "बड़ी सूनी सूनी है", एकात तोंडात खरंच पान आहे असं वाटतं आणि दुसऱ्यात माणूस हलतसुद्धा नाही. 'मिली'च्याच कामात सचिनदा आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत.

दिग्दर्शक म्हणून लोक त्याला विसरले, हे बरोबर झालं नाही. 'दूर गगन की छाँव में' (१९६४) मधे त्याने युद्धावरून परतलेला बाप केला, मुका मुलगा म्हणून स्वतःचा मुलगा अमित, संगीत पण स्वतःचंच, आणि त्यात विनोदाचा लवलेश नाही. १९८२ ला तर 'दूर वादियों में कहीं' नावाचा सिनेमा काढला ज्यात एकही गाणं नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या गायकाने बिनगाण्याचा सिनेमा काढायला किती धाडस लागलं असेल.

चार लग्नं झाली, रुमा गुहा ठाकुरता (अमितची आई), मधुबाला, योगिता बाली आणि लीना चंदावरकर. मधुबालाच्या हृदयाला छिद्र होतं, लग्नानंतर जवळपास सगळी वर्षं आजारपणात गेली, १९६९ च्या फेब्रुवारीत ती गेली, आणि त्याच वर्षी 'आराधना' आला.

आणीबाणीत सरकारच्या प्रचाराच्या कार्यक्रमासाठी गायला त्याने नकार दिला तर १९७६ मधे आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणी बंद झाली. माहितीमंत्री विद्याचरण शुक्ल, रायपूरचे, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशचेच. म्हणजे मालवा हाऊसच्या, आपल्या इंदूर आकाशवाणीच्या, रेडिओवरसुद्धा खंडव्याचा आवाज नाही. पुढे ती बंदी उठली आणि गाणी परत लागली.

मराठीत तो फार उशिरा गायला. 'गंमत जंमत' (१९८७) मधलं "अश्विनी ये ना", गीत शांताराम नांदगावकर, संगीत अरुण पौडवाल, सोबत अनुराधा पौडवाल. उच्चार बिघडतील म्हणून तो आधी तयारच नव्हता असं सांगतात. इंदूरच्या मराठी कार्यक्रमांत अशोक सराफची पोझ घेऊन हे गाणारा एकतरी काका असतोच आणि वन्स मोअर त्यालाच मिळतो.

१३ ऑक्टोबर १९८७ ला जुहूच्या घरी हार्ट अटॅकने तो गेला, वय ५८. आदल्याच दिवशी आशा भोसलेंबरोबर रेकॉर्डिंग केलेलं होतं. १३ ऑक्टोबर हा दादामुनींचा वाढदिवस. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला खंडव्याला आणलं, अंत्यसंस्कार तिथेच झाले. मुंबई सोडून गावी जायचं तो वर्षानुवर्षं बोलायचा, "दूध जलेबी खायेंगे, खंडवा में बस जायेंगे", स्टेजवर स्वतःची ओळख पण "किशोर कुमार खंडवेवाला" अशीच द्यायचा. ४ ऑगस्टला समाधीवर लोक खरोखर दूध-जिलबी ठेवतात, इंदूरहून गाड्या करून जाणारे पुष्कळ आहेत.

मध्य प्रदेश सरकारचे दोन मोठे सन्मान ह्या दोन शेजाऱ्यांच्या नावाने आहेत. लता मंगेशकर सन्मान इंदूरला देतात, तो संगीतासाठी, आणि सुरुवातीच्या वर्षांतच तो किशोरलाही मिळाला होता. किशोर कुमार सन्मान नव्वदच्या दशकात सुरू झाला, तो खंडव्याला देतात, आणि तो गायनासाठी नाहीच, अभिनय, दिग्दर्शन, पटकथा आणि गीतलेखन ह्यांच्यासाठी आहे. पहिला मिळाला हृषिकेश मुखर्जींना, ज्यांच्या पहिल्याच सिनेमात, 'मुसाफिर' (१९५७) मधे, किशोरने नट म्हणून काम केलं होतं.