जुन्या ओम्नीचा आवाज : ऑइल आणि फिल्टर घेण्याआधी वाचा

मारुतीची ओम्नी १९८४ साली आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात नवी ओम्नीसुद्धा आता जुनीच म्हणायची. आमच्या साताऱ्यातल्या गॅरेजात येणाऱ्या ओम्नी बहुतेक शाळेच्या, नाहीतर केटरिंगच्या आणि भाजीच्या. गाडी लावता लावता मालक सांगतात, "इंजिन लई वाजतंय, जरा जाड ऑइल टाका."

ऑइल आम्हीच विकतो, त्यामुळे टाकायला आमची ना नाही. पण आवाज नक्की कशाचा आहे ते आधी बघू द्या. ऑइलने थांबणारे आवाज दोन-तीनच असतात.

ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तीन सिलिंडर असल्यामुळे आयडलिंगला ते थोडं थरथरणारच. त्यात सीटखालच्या झाकणाची रबरपट्टी गळून पडलेली असेल, क्लिप तुटलेल्या असतील, तर इंजिनचा सगळा आवाज आणि वर गरम हवा थेट तुमच्या मांडीखालून येते. अशा गाडीत महागातलं ऑइल घालून उपयोग शून्य. आधी ती पट्टी बदला, इंजिन माउंटिंगचे रबर बघून घ्या.

कोणता आवाज कशाचा

इंजिनच्या वरच्या भागातून, म्हणजे हेडमधून, शिलाई मशीनसारखी बारीक, एकसारखी टकटक येत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. त्यांची फट स्क्रूने सेट करायची असते. थंड इंजिनावर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून अर्ध्या-पाऊण तासाचं काम. इंजिन थंड असताना चिकचिक येते आणि गाडी तापली की थांबते, तर बहुतेक वेळा एक्झॉस्ट मेनिफोल्डचं गॅसकेट, म्हणजे इंजिन आणि धुराच्या नळ्यांमधल्या सांध्याची पट्टी. एका शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी याच आवाजासाठी दोनदा जाड ऑइल टाकलं, वर ऑइलमध्ये घालायच्या औषधाची बाटलीही ओतली. मेनिफोल्डच्या सांध्यावर काजळीचा बोटभर पट्टा दिसत होता. गॅसकेट बदललं, आवाज गेला.

चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर खालून जड ठकठक येत असेल, किंवा इंजिन तापल्यावर आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर गाडी तिथेच बंद करा. हे बेअरिंगचं किंवा ऑइल प्रेशरचं दुखणं आहे. त्यावर ऑइल बदलून गाडी चालवत राहिलात तर क्रँकच, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडाच, जायचा.

सीएनजीवाल्यांनी एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) आपल्या टेकायच्या जागेत हळूहळू खोल बसत जातो, टॅपेटची फट कमी होते आणि टकटकही कमी होते. मालक खूश. पण फट पार संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, जळतो, आणि यवतेश्वरच्या घाटात गाडी ओढायची बंद होते. गॅसवरची गाडी अचानक गप्प झाली तर टॅपेट तपासून घ्या. शिवाय गॅसवर ऑइल फारसं काळं पडत नाही, म्हणून रंग बघून "अजून चांगलंय" असं ठरवू नका.

ऑइलचे आकडे

डब्यावर "२० डब्ल्यू-४०" असतं. पहिला आकडा थंडपणी ऑइल किती पातळ राहतं त्याचा. जितका लहान तितकं सकाळी ते लवकर वर चढतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा. १०० अंशांना ४० नंबरचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडीचं माप) जाड असतं, ५० नंबरचं १६.३ ते २१.९. झिजलेल्या भागांमधल्या फटीत ही जाडी उशीसारखी काम करते, म्हणून आवाज दबतो. झीज मात्र तिथेच राहते. जुनी गाडी विकायला काढताना काही लोक मुद्दाम जाड ऑइल भरतात ते यासाठीच. घेणाऱ्याने गाडी थंड असताना स्वतः स्टार्टर मारून बघावा.

आमचं मत असं: ऑइल न पिणाऱ्या, धूर न काढणाऱ्या ओम्नीला १५ डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-४० मिनरल भरपूर झालं. २० डब्ल्यू-५० आम्ही फक्त ऑइल पिणाऱ्या इंजिनला देतो, तेही कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघून, इंजिनकाम लांबवण्यापुरतं. ५ डब्ल्यू-३० सिंथेटिक उत्तम ऑइल आहे, पण झिजलेल्या इंजिनात त्याने आवाज वाढलेला आणि जुन्या सीलमधून गळती लागलेली आम्ही पाहिली आहे. पेट्रोल गाडीसाठी डब्यावर एपीआय (ऑइलचा दर्जा ठरवणारी संस्था) या अक्षरांच्या पुढे "एस"ने सुरू होणारी खूण बघा: एसएल, एसएम, एसएन. घरात उरलेलं मोटरसायकलचं ऑइल ओम्नीत रिचवू नका. ते मोटरसायकलच्या क्लचचा विचार करून बनवलेलं असतं. आणि बॅरलमधलं सुटं ऑइल आम्ही ठेवतच नाही.

बदली दर ५,००० किलोमीटरला. शाळेची व्हॅन दिवसभर थांबत-थांबत चालते, तिला तेवढे किलोमीटर झाले नाहीत तरी सहा महिन्यांनी. लेव्हल डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये. वरच्या खुणेच्या वर भरून आवाज कमी होत नाही, सील मात्र जातात.

फिल्टर

सकाळी स्टार्टर मारल्यावर दोन-तीन सेकंद खडखड, मग शांत. या आवाजावर फिल्टरने खरंच फरक पडू शकतो. चांगल्या फिल्टरच्या आत, तोंडाजवळच्या लहान छिद्रांमागे रबराची एक गोल झडप असते. इंजिन बंद झाल्यावर ती फिल्टरमधलं ऑइल मागे उतरू देत नाही. रबर हलका असला की काही महिन्यांत कडक होतो, रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो. तोवर वरचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह चालवणारा दांडा) कोरडाच फिरतो. काढलेल्या फिल्टरच्या छिद्रातून काडीने दाबून बघा: मऊ रबर दबून परत जागेवर येतो, कडक झालेला हलत नाही. आटे जुळले म्हणून कुठलाही फिल्टर बसवू नका. आतली झडप वेगळी असू शकते.

बसवताना नवीन गॅसकेटला बोटाने ऑइल लावायचं, हाताने टेकेपर्यंत फिरवायचं आणि मग पाऊण फेरा. पान्याने आवळायचा नाही. आमच्याकडूनच एकदा जुनं गॅसकेट ब्लॉकला चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर चढला. गाडी पोवई नाक्यापर्यंत पोचायच्या आत निम्मं ऑइल रस्त्यावर होतं. तेव्हापासून ती जागा बोट फिरवून बघितल्याशिवाय आम्ही फिल्टर लावत नाही. तुम्हीही शेजारी उभे राहून बघा, आम्हाला राग येत नाही.

एअर फिल्टरचं थोडक्यात: डब्याचं झाकण सैल असेल तर घूं-घूं आवाज येतो आणि धूळही आत जाते. पेपर फाटला असेल तर हवा मारून साफ करत बसू नका, बदला.

आवाज दाखवायचा असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी लावून जा. सकाळी थंड इंजिनावर पहिला स्टार्टर आम्हीच मारतो. मोबाईलवर आवाज पाठवलात तरी ऐकू, पण मोबाईलवर सगळ्याच ओम्नींचे टॅपेट वाजतात.