चुनखडीच्या रानात चुन्याचं पाणी

मराठवाड्याच्या काळ्या रानातही द्रवरूप चुन्याचा कॅन ओतला की तण हटतं, असं कुणी सांगत असेल तर आधी हे बघा. द्रवरूप चुना म्हणजे पाण्यात घोळवलेली चुनखडीची अतिबारीक भुकटी. आम्लधर्मी जमिनीत तिनं सामू (मातीचा आम्ल-विम्लपणा सांगणारा आकडा, pH) वाढतो, पीक जोम धरतं आणि त्याच्या दाटीखाली तण दबतं. तण चुन्यानं मरत नाही, सावलीनं हटतं. कोकणातल्या जांभ्या मातीत सामू साडेपाच असेल तर हा हिशेब जमतो.

मराठवाड्यातली काळी माती बेसाल्टची. तिचा सामू बहुधा 7.5 ते 8.5, आणि कित्येक रानांत नांगरामागं चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. जिथं मोकळी चुनखडी आहे तिथं सामू 8.2च्या आसपास ठरून जातो. आणखी चुना घातला तरी तो विरघळत नाही, नुसता पडून राहतो. आकडाच बघा. एकरात 15 सेंटीमीटर खोलीपर्यंत साधारण 8 लाख किलो माती असते. चुनखडी 5 टक्के धरली तरी ती 40 टन झाली. 20 लिटरच्या कॅनमध्ये चुना जेमतेम 15-20 किलो!

उलट दिशेनंही हेच. 1 किलो गंधक सुमारे 3 किलो चुनखडी खातं, म्हणजे सामू उतरवायला एकरी 13 टन गंधक लागेल. सोयाबीनला एकरी 8-10 किलो गंधक देतात ते अन्नद्रव्य म्हणून, सामूसाठी नव्हे.

परीक्षा सोपी आहे. मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं, की चुन्याचा विषय तिथंच मिटला. (सामू 8.5च्या वर आणि जमीन चोपण (सोडियम वाढून चिकट, घट्ट झालेली) असेल तर गोष्ट जिप्समची, तीही माती तपासून आणि निचऱ्याची सोय करूनच.)

कॅनमध्ये भुकटीऐवजी विरवलेला चुना (कळीच्या चुन्यात पाणी घालून केलेला) असेल तर नुकसानच. युरिया किंवा अमोनियम खताबरोबर पडला की नत्र अमोनिया होऊन उडतं, आणि कोवळी रोपं करपतात.

चुनखडीच्या जमिनीत लोह मुळांना मिळत नाही. शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या, असं सोयाबीन, भुईमूग, मोसंबीत दिसलं तर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून सकाळी किंवा संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा.

तणासाठी पहिल्या पावसानंतर तण उगवू द्यावं, वाफसा येताच वखराची उथळ पाळी मारावी, मग पेरणी. खोल मारली तर खालचं बी वर येतं. सोयाबीनला पहिले 40-45 दिवस जपायचे, त्यात दोन कोळपण्या आणि एक खुरपणी. लव्हाळा मात्र पाळीनं जात नाही, त्याच्या गाठी वेचूनच काढाव्या लागतात.