साडेएकोणीस किलो कापूस कुठे गेला?

कापूस वेचणीच्या दिवसांत घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी काट्याभोवती गर्दी होते. बायका गाठोडी आणतात, वजन होतं आणि मुकादमाची मुलगी ते मोबाइलवर लिहून मला पाठवते. मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना, लिहिली होती. त्यात यादी चिकटवायची, बटण दाबायचं, की एकूण वजन आणि प्रत्येकीची वेचाई समोर येते. गेल्या हंगामात एका मावशीच्या नावापुढे काहीच आलं नाही. काट्यावर साडेएकोणीस किलो भरलेले सगळ्यांनी पाहिले होते. तरीही शेजारची म्हणाली, "कम्प्युटर कसं चुकन बाप्पा? तुलेच आयकू आलं नसन." मावशी गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं मला सहन झालं नाही.

त्या दिवशीची सहा वजनं अशी होती: १८.५, २२, १९.५, २१,७, १७.२ आणि २०. बेरीज ११८.९ किलो. स्क्रिप्टने सांगितली ९८.७. म्हणजे २०.२ किलो कमी. किलोला दहा रुपये वेचाई धरली तर २०२ रुपये झाले, आणि त्यातले १९५ एकट्या मावशीचे.

झालं असं, की पाच आकडे इंग्रजी कळफलकावरचे होते आणि मावशीचा १९.५ मराठी कळफलकावरचा. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच वाचता येतात. पण कॉम्प्युटरला चिकटवलेली यादी आकड्यांची दिसतच नाही, त्याला दिसते अक्षरांची रांग. प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एका सामाईक यादीत, एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि नवाचा ५७. मराठी शून्याचा २४०६ आणि नवाचा २४१५. 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. हे क्रमांक माणसांनी आपसांत ठरवून दिले आहेत. नावातल्या अक्षरांचे आकडे मिळवून भविष्य सांगणारे आपल्याकडे गावोगाव फिरतात. अक्षराला कोणता आकडा द्यायचा हे त्यांचंही कोणीतरी असंच ठरवलेलं असतं. सोयीसाठी ठरवलेल्या क्रमांकात कुणाचं नशीब असूच शकत नाही, आणि त्यासाठी दक्षिणा तर मुळीच देऊ नये.

आता अक्षरांची संख्या कशी होते ते पाहू. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मावशीचं '१९.५' म्हणजे चार क्रमांक: २४०७, २४१५, ४६ आणि २४११. यातला ४६ म्हणजे टिंब. बाकीच्या प्रत्येकातून २४०६ वजा केले की उरतात १, ९ आणि ५. सुरुवातीला हातात शून्य. दर वेळी हातातल्या संख्येला दहाने गुणायचं आणि नवा अंक मिळवायचा. शून्य गुणिले दहा अधिक १, झाला १. एक गुणिले दहा अधिक ९, झाले १९. एकोणीस गुणिले दहा अधिक ५, झाले १९५. टिंबानंतर एकच अंक आला होता, म्हणून शेवटी दहाने भागायचं. साडेएकोणीस! एकक, दशक, शतक आपण शाळेत शिकलो, तेच स्थानमूल्य इथे गुणाकार होऊन राबतं.

माझी स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये होती. तिथलं पार्सफ्लोट नावाचं फंक्शन हे काम करतं, पण त्याला फक्त ४८ ते ५७ हेच अंक माहीत आहेत. २४०७ दिसल्याबरोबर ते 'ही संख्या नाही' असं उत्तर देतं, आणि असं उत्तर आलेली ओळ गाळायला मीच सांगितलं होतं. पायथन ही दुसरी भाषा मराठी अंकही नीट वाचते. '२१,७' मध्ये तर याहून वाईट घडलं. स्वल्पविराम दिसताच पार्सफ्लोट थांबलं आणि २१ घेऊन मोकळं झालं. कुठेही तक्रार नाही. याच रीतीने '१,२५,०००' ही रक्कम चिकटवली तर सव्वा लाखाचा एक रुपया होतो.

दुरुस्ती करताना मी टिंबानंतरचा शेवटचा भागाकारही काढून टाकला. कॉम्प्युटर अपूर्णांक द्विमान पद्धतीत, फक्त ० आणि १ वापरून ठेवतो. ०.१ घ्या आणि दुप्पट करत चला: ०.२, ०.४, ०.८, १.६. एक ओलांडला की १ लिहायचा, नाही तर ०. लिहिलेला १ काढून टाकला की उरतात ०.६. त्याची दुप्पट १.२, पुन्हा १ लिहायचा, उरले ०.२. इथे आपण परत मागच्या जागी आलो, आणि हे चक्र कधीच संपत नाही: ०.०००११००११००११... एकाला तीनने भागलं की ०.३३३ संपत नाही, तसंच. यंत्राकडे जागा ५३ द्विमान अंकांची, म्हणून शेपूट कापावी लागते. त्यामुळे ०.१ दहा वेळा एकेक करून मिळवला तर उत्तर १ न येता ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. कापसाच्या हिशेबात हा फरक नगण्य आहे. पण २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या दहरानमध्ये अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला अशाच कापलेल्या ०.१ ने दगा दिला. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत होतं, आणि सुमारे १०० तास सलग चालल्यावर चूक सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. येणारं इराकचं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही. २८ सैनिक मेले.

आता माझी स्क्रिप्ट १९.५ किलोचे १९,५०० ग्रॅम करते आणि पूर्णांकांतच बेरीज करते. दोन्ही तऱ्हेचे अंक वाचते. स्वल्पविरामानंतर तीनपेक्षा कमी अंक असले तर अंदाज न करता ओळ लाल करून विचारते. आणि सगळ्यांत वर लिहिते: इतक्या ओळी आल्या, इतक्या मोजल्या.

मावशीचे १९५ रुपये दुसऱ्या दिवशी दिले. त्याच संध्याकाळी यादीत एक ओळ लाल झाली. मुलीने स्क्रीनकडे पाहिलं, मी पाहिलं, मावशीनेही वाकून पाहिलं. स्पष्ट वीस लिहिलेलं. "वीसच तर हाये," मावशी म्हणाली. मग एकेक अक्षराचा क्रमांक काढला. पहिला २४०८, म्हणजे मराठी दोन, बरोबर. पुढे २४०६ हवा होता, तिथे होता १११, इंग्रजी 'ओ'.