कोंबडी गेली, कोपरे आले: फेझंटच्या पिल्लांच्या कुंपणाची पार्श्वभूमी

फेझंट मुळात इंग्लंडचा पक्षी नव्हे. फासिस नदीकाठचा म्हणून त्याला हे नाव पडलं. ती नदी म्हणजे आजच्या जॉर्जियातली रिओनी. इंग्लंडच्या रानात तो केव्हाच रुळला होता, पण शिकारीसाठी त्याची पिल्लं शेकड्यांनी वाढवायची वेळ आली ती एकोणिसाव्या शतकात. १८३१च्या गेम ॲक्टने, म्हणजे शिकारीच्या कायद्याने, १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी हा शिकारीचा हंगाम ठरवला. शतकाच्या मध्यानंतर मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या, हाकारे रान उठवू लागले आणि रानात आपसूक वाढणारे पक्षी पुरेनासे झाले.

बंदिस्त जागेतली फेझंट मादी अंडी भरपूर घालते, उबवायला मात्र नीट बसत नाही. म्हणून अंडी गोळा करून खुडूक कोंबडीखाली ठेवत, एकीखाली साधारण पंधरा ते वीस. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, फेझंटचं सुमारे २४ दिवसांत. मग कापलेल्या गवताच्या मैदानात लाकडी खुराड्यांच्या रांगा लागत. खुराड्याला पुढून पट्ट्या असत: कोंबडी आत अडकलेली, पिल्लं फटींतून आतबाहेर. कुंपणाची गरजच नव्हती, कारण कोंबडीच्या आवाजाच्या टप्प्याबाहेर पिल्लं सहसा जात नसत. घार दिसली की तीच ओरडून सावध करी. राखणदाराला काम कमी होतं असं नाही. उकडलेली अंडी बारीक करून घालायची, संध्याकाळी प्रत्येक खुराड्याला फळी लावायची आणि खुराडी रोज ताज्या गवतावर सरकवायची. त्याच जागी ठेवली तर श्वासनलिकेतल्या जंतांची अंडी मातीत साठत, गांडुळांतून पुन्हा पोटात जात, आणि पिल्लं चोची वासून धापा टाकत मरत.

स्वस्त जाळी तोवर बाजारात आलेली होती. नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्डने १८४४मध्ये कापडाच्या मागावरून तारेची षटकोनी जाळी विणायचं यंत्र बनवलं. पण पिल्लांच्या संगोपनात जाळीला खरं महत्त्व आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, अंडी उबवणाऱ्या इनक्युबेटरने आणि पिल्लांना ऊब देणाऱ्या गॅसच्या ब्रूडरने कोंबडीची जागा घेतल्यावर.

कोंबडी गेली तशी तिची सगळी कामं बांधणीवर आली. पहिलं काम उबेचं. एक दिवसाच्या पिल्लांना ब्रूडरखाली सुमारे ३५ अंश तापमान लागतं, पुढे ते आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवतात. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघावं: ब्रूडरखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, कडेला जाऊन पसरली तर उकडतंय. दुसरं काम आवरून धरायचं. घाबरलेली पिल्लं कोपऱ्यात घुसतात, मागची पुढच्यांवर चढतात आणि तळातली गुदमरतात. म्हणून पहिले काही दिवस ब्रूडरभोवती हार्डबोर्डचा गोल चिक गार्ड, म्हणजे पिल्लांना आवरणारं कडं, लावतात आणि खोलीचे कोपरेही पत्रा वाकवून गोलावतात. एक कोपरा राहिला तरी सकाळी नेमका तिथेच मेलेल्या पिल्लांचा ढीग सापडतो.

दोन-तीन आठवड्यांनी पिल्लं गवताच्या अंगणात येतात. भिंतीला बारीक जाळी, खालचा अर्धा मीटर भरीव फळीचा, म्हणजे वारा लागत नाही. छत मात्र मऊ नायलॉन जाळीचंच हवं. फेझंट दचकला की सरळ वर उसळतो; तारेचं छत असेल तर डोक्याची कातडी सोलून निघते. पावसाची सर आली की पिल्लांना आत हाकावं लागतं. मऊ पिसं पाणी अडवत नाहीत, आणि आत पळायला सांगणारी कोंबडी नाही. गर्दी झाली की पिसं उपटणं सुरू होतं. त्यावर चोचीत बिट, म्हणजे चोच पूर्ण मिटू न देणारी छोटी कडी, घालण्याची पद्धत रूढ झाली, पण मूळ दोष बहुधा जागेच्या टंचाईत असतो. प्राणी कल्याण कायदा २००६मध्ये झाला आणि त्याखाली इंग्लंडने २०१०मध्ये शिकारपक्ष्यांच्या संगोपनासाठी आचारसंहिता काढली.

सहा-सात आठवड्यांची पिल्लं रानातल्या वरून उघड्या कुंपणात जातात. जाळी सुमारे दोन मीटर उंच. तळाची ३० सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला जमिनीवर दुमडून खुंट्यांनी दाबलेली, कारण कोल्हा जाळीच्या पायथ्याशीच उकरतो. बाहेरून विजेची तारही लावतात. एका पंखाची पिसं छाटलेली असल्याने पक्षी लगेच उडून जात नाहीत. नवी पिसं आली की बाहेर पडतात आणि संध्याकाळी परतायला जाळीच्या कडेकडेने चालत राहतात. त्यांच्यासाठी ठिकठिकाणी जाळीची नरसाळी बसवतात. तोंडाच्या सळ्यांत सुमारे ९ सेंटिमीटर अंतर ठेवलं की पक्षी शिरतो, कोल्हा अडतो. आत एक तृतीयांश मोकळं ऊन, एक तृतीयांश झुडपं आणि एक तृतीयांश बसायला झाडं असा जुना ठोकताळा आहे.

गेम अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेच्या शिफारशीनुसार अशा कुंपणात हेक्टरी १,००० पक्ष्यांच्या वर जाऊ नये, नाजूक जुन्या रानात ७००. त्याहून जास्त सोडले की खालची रानफुलं तुडवली जातात आणि विष्ठेने माती बदलते. २०२१पासून इंग्लंडमध्ये युरोपीय वर्गवारीनुसार संरक्षित निसर्गस्थळांत आणि त्यांच्या ५०० मीटर परिसरात फेझंट सोडायला परवाना लागतो, त्यामुळे खांब रोवायच्या आधी नकाशा उघडावा लागतो.