गप्प उभा आहे, म्हणजे राजी आहे?

दिवाळीला किंवा घरच्या लग्नात कुत्र्याला कुर्ता, शेरवानी, गेलाबाजार एखादा बो-टाय चढवायची पद्धत आता शहरांत चांगलीच रुळली आहे. एरवी घरभर धुडगूस घालणारा कुत्रा कपडा अंगात गेला की जागच्या जागी थिजतो. मान खाली, शेपूट पायांत, पाय किंचित फाकलेले. घरची मंडळी कौतुकाने म्हणतात, "किती शहाणं बाळ! जराही त्रास देत नाही." हे थिजणं नीट समजून घ्यायला हवं.

1967 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी केलेले प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा येतो. कुत्र्यांना झोळीत अडकवून विजेचे धक्के दिले जात. एका गटातल्या कुत्र्याने डोक्याने पट्टी दाबली की धक्का थांबे. दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के बसत, पण त्याने काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर या कुत्र्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटाने उड्या मारल्या. दुसऱ्या गटातले बरेचसे कुत्रे कण्हत तिथेच पडून राहिले. दोन्ही गटांच्या वाट्याला आलेला त्रास सारखाच होता, फरक होता तो त्यावर आपलं काही चालतं की नाही, एवढाच.

'आपलं काही चालत नाही' हे प्राणी शिकतात, हा आपला सिद्धांत याच दोघांनी 2016 मध्ये सुधारला, आणि ती सुधारणा मला जास्त महत्त्वाची वाटते. दीर्घकाळ नकोसं काही होत राहिलं की निपचित होणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते उलट, म्हणजे 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. उंदरांवरच्या अभ्यासात असं दिसलं, की ही जाणीव झाली की मेंदूच्या पुढच्या भागातून त्या निपचितपणाला आवर घातला जातो.

कुर्त्याची बरोबरी विजेच्या धक्क्याशी कोणी करणार नाही. पण गप्प उभ्या राहिलेल्या कुत्र्याकडे पाहून 'त्याला चालतंय' असं म्हणण्याआधी थांबावं, एवढं हे संशोधन नक्की सांगतं.

थिजण्याच्या आधी कुत्रा बरंच काही बोललेला असतो. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी या खुणांकडे जगभरच्या श्वानपालकांचं लक्ष वेधलं. खाणं समोर नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, मान वळवणं, पुढचा एक पंजा उचलून धरणं, कान मागे पाडणं, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं. कपडा हातात घेतल्यावर यातलं काही दिसलं, तर तो नकारच समजावा. गोची अशी, की एकदा कपडा चढला की हे बोलणंच अर्धं झाकलं जातं. पाठीवरचे उभे राहिलेले केस कापडाखाली दिसत नाहीत, टोपीखाली कान अडकतात, झालरीत शेपटीची हालचाल हरवते. हे आपल्याला दिसत नाही, आणि समोरच्या कुत्र्यालाही दिसत नाही.

आता उष्णतेचं बघू, कारण आपल्या हवेत खरा धोका तिथे आहे. कुत्र्याच्या शरीराचं तापमान मुळातच 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, आणि अंग थंड ठेवायला तो अगदीच अपुरा. सगळी भिस्त धापा टाकण्यावर. एरवी मिनिटाला 15 ते 30 असणारे श्वास धापताना 300च्या घरात जातात. हा वेग छाती आणि फुप्फुसांच्या स्वाभाविक आंदोलनाशी जुळत असल्यामुळे स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुत श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 मध्ये दाखवलं, की धापताना हवा बहुतांशी नाकाने आत जाते आणि तोंडाने बाहेर पडते. नाकातल्या ओलसर पडद्यांवर बाष्पीभवन होतं, एक ग्रॅम पाण्यामागे सुमारे 580 कॅलरी उष्णता निघून जाते, आणि ती उबदार हवा नाकात परत न फिरता थेट बाहेर जाते.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावतं. मग कुत्रा काय करतो? विरळ केसांचं पोट आणि मांड्या फरशीला टेकवून पसरतो. पोट झाकणारा कपडा नेमका हा मार्ग बंद करतो, आणि छातीवर घट्ट बसला तर धापायलाही अडचण. पग, फ्रेंच बुलडॉग यांच्या चपट्या तोंडात बाष्पीभवनाला मुळातच जागा कमी, त्यांना उन्हाळ्यात अंगभर कपडा घालूच नये. तापमान 41 अंशांपुढे गेलं की उष्माघाताने जीव जाऊ शकतो.

सगळेच कपडे नकोत असं मात्र नाही. ग्रेहाउंड, कारवान, मुधोळ यांच्या अंगावर केस तोकडे आणि चरबी कमी. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात ते कुडकुडतात. म्हातारे, आजारी कुत्रे, लहान पिल्लं यांनाही ऊब लागते. शस्त्रक्रियेनंतर टाके चाटू नयेत म्हणून घातला जाणारा सुती अंगरखा गळ्यात अडकवायच्या शंकूसारख्या प्लास्टिकच्या कॉलरपेक्षा पुष्कळ कुत्र्यांना सुसह्य होतो. हस्की किंवा स्पिट्झच्या दाट आतल्या लोकरीत हवा अडकून ऊब राहते, त्यावर स्वेटर चढवला तर ती लोकर उगाच दबते. फटाक्यांची भीती कमी करायला अंगाला घट्ट बसणारी जॅकेट मिळतात. त्यांच्याबद्दलचे निष्कर्ष संमिश्र आहेत, आणि जॅकेटमध्ये थिजलेला कुत्रा शांत झाल्यासारखा दिसू शकतो, हे तिथेही लक्षात ठेवावं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना थंडीत जॅकेट घालणाऱ्यांचा हेतू मायेचाच असतो. पण ते भिजलं तर ऊब देण्याऐवजी अंगातली उष्णता खेचतं, आणि वाढत्या पिल्लाला आठवड्या-दोन आठवड्यांत काचू लागतं. रोज कोणी काढून बघणार नसेल तर पोत्यांचं कोरडं अंथरूण बरं.

माप घेताना पुढच्या पायांकडे बघा. कुत्र्याच्या पुढच्या पायांना धडाशी जोडणारा हाडाचा सांधा नाही, फक्त स्नायूंची झोळी आहे, आणि शरीराचं सुमारे 60 टक्के वजन याच पायांवर असतं. चालताना खांद्याचं पातं बरंच पुढेमागे सरकतं. बाही तोकडी असली की पाऊल आखूड पडतं, आणि काखेतली पातळ कातडी घासून लाल होते. कपडा काढल्यावर तिथे बोट फिरवून बघायची सवय ठेवा.

सवय लावायची ती कुत्र्याच्या कलाने. प्रशिक्षक चिराग पटेल यांचा 'बकेट गेम' यासाठी फार उपयोगी आहे. समोर खाऊची बादली ठेवायची. कुत्रा तिच्याकडे बघत राहील तोवर कपडा जवळ आणायचा, अंगाला लावायचा, आणि मध्येमध्ये खाऊ द्यायचा. त्याने नजर काढली की आपले हात तिथेच थांबले पाहिजेत. थांबवणं आपल्या हातात आहे हे कळलं की बहुतेक कुत्रे पुन्हा बादलीकडे वळतात. पहिले काही दिवस कपडा नुसता हुंगू द्यावा, मग पाठीवर क्षणभर टाकावा. डोक्यातून ओढून घालायचे कपडे पुष्कळ कुत्र्यांना नकोसे वाटतात, त्यामुळे पाठीवर किंवा पोटाखाली बंद होणारे निवडावेत. वेलक्रोच्या चर्र आवाजाला कुत्रा दचकत असेल तर तोही आधी दुरून, खाऊ देत ऐकवावा, नाहीतर सरळ नाड्या शिवून घ्याव्यात.